न धरलेला महिना

माझ्या नावावर नऊ पेपर आहेत. २००४च्या जुलैत पुण्याच्या एका संस्थेत प्राध्यापकपदासाठी अर्ज करायचा होता, म्हणून मी त्यांची यादी टाइप करत बसले होते. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं. रत्नागिरीत दीड खोलीच्या संशोधन केंद्रात बसून, गरोदरपण आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं या विषयावर नऊ पेपर, त्यातले चार परदेशात छापलेले. परिषदांना गेले की लोक म्हणायचे, "अच्छा, लावणीवाल्या वैदेही आगाशे त्या तुम्हीच?" आणि मी लाजल्यासारखं करायचे.

लावणी म्हणजे भाताची. पहिला पेपर तिच्यावरच होता. १९९९ साली आम्ही रत्नागिरी, लांजे, राजापूर या तालुक्यांतल्या आठशे गरोदर बायकांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून असं निघालं, की पोटुशी असताना दिवसदिवस चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्या दिवस भरायच्या आधीच बाळंत होतात. लावणी न करणाऱ्या, शहरातल्या कारकुनांच्या आणि मास्तरांच्या बायकांत मात्र दहांत एक. एवढा फरक जगात कुणी दाखवला नव्हता. माझे मार्गदर्शक सोहोनीसर तर आकडे बघून खुर्चीवरून उठलेच होते.

पेपर गाजला तो आणखी एका गोष्टीमुळे. गरोदरपणाचे दिवस मोजायचे तर शेवटच्या पाळीची तारीख लागते, आणि ती कुठल्याच देशातल्या बायकांना धड आठवत नाही. आमच्या खेड्यांतल्या बायकांनाही तारीख आठवत नव्हती, पण तिथी पक्की आठवत होती. त्या दिवसांत बाहेर बसायचं, देवाला शिवायचं नाही. घरात सत्यनारायण आहे आणि आपण नेमक्या पडवीत बसलोय, पालखी दारात आलीय आणि आपण मागीलदारी, हे बाई जन्मात विसरत नाही. म्हणून मी फॉर्मच तिथीचा केला. पाळी कुठल्या महिन्यात, कुठल्या तिथीला. बाळ कुठल्या महिन्यात, कुठल्या तिथीला. चैत्राला एक, वैशाखाला दोन असे आकडे देऊन वजाबाकी करायची, की झालं. अमेरिकेतल्या बाईंना जे जमलं नाही ते आमच्या हौसाताईंना जमलं, असं मी भाषणात सांगायचे आणि टाळ्या घ्यायचे.

हौसाताई म्हणजे आंबेकोंडच्या अंगणवाडीच्या बाई. राजापूरच्या अलीकडे कातळी सड्यावरून खाली उतरलं की आंबेकोंड लागतं. सातवी शिकलेल्या, पण अक्षर छापल्यासारखं. आठशेपैकी दीडशे फॉर्म त्यांनी एकट्यांनी भरले होते, पायी हिंडून.

तर मी यादीतला सातवा पेपर टाइप करत होते, आणि राजापूरहून आईचा फोन आला.

"रविवारी अपूर्वरावांना घेऊन ये गो. अधिकाचं वाण द्यायचंय. अनारसे करून ठेवल्येत."

अपूर्व म्हणजे माझा नवरा. अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारसे देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. तो बिचारा चार खातो, बाकीचे मी संपवते.

"परत अधिक? आत्ताच तर होऊन गेला," मी म्हटलं.

"आत्ता कुठला! मधल्याला तू परदेशी होतीस. त्याच्या आधीचा ज्येष्ठात आला होता, तुझं लग्न झाल्यावरचा पहिलाच. तू ते फॉर्म घेऊन गावोगाव हिंडत होतीस ना, त्या साली. डबा पाठवला तर अर्धे त्या कागदांवर बसून खाल्लेस म्हणे."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिथेच उभ्या उभ्या बोटांवर महिने मोजले. 

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपलं चांद्र वर्ष अकरा दिवसांनी आखूड पडतं, म्हणून दर अडीच-तीन वर्षांनी एक जास्तीचा महिना घालतात. १९९९ साली ज्येष्ठ दोनदा आला, आधी अधिक ज्येष्ठ आणि मग खरा ज्येष्ठ. त्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, काही नाही. अधिक धरत नाहीत, असंच लहानपणापासून ऐकलेलं. मीही तो धरला नव्हता. चैत्राला एक, वैशाखाला दोन, ज्येष्ठाला तीन, आषाढाला चार. वैशाख ते आषाढ दोन महिने. त्या वर्षी ते तीन होते.

म्हणजे ज्या बायकांच्या पोटात बाळ असताना तो महिना येऊन गेला, त्या प्रत्येकीचा एक अख्खा महिना मी गिळला होता. नऊ महिने भरून बाळंत झालेली बाई माझ्या फॉर्मवर आठव्यातच मोकळी झाली होती. आणि जुलैत पोट घेऊन लावणी करणाऱ्या बायका नेमक्या त्याच. शहरातल्या बायकांनी तिथीऐवजी कॅलेंडर बघून इंग्रजी तारखा दिल्या होत्या, म्हणून त्यांची बाळं वेळेवर आली. लावणीचा काही संबंधच नव्हता.

माळ्यावरून खोका काढला. हौसाताईंचे फॉर्म वरच होते. छापील अक्षरात लिहिलेलं, 'अधिक ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी'. त्यातलं 'अधिक' लाल शाईनं खोडलेलं. लाल पेन माझं. मला सगळं लख्ख आठवलं. "हौसाताई, नुसतं ज्येष्ठ लिहा हो, उगाच घोळ होतो," असं मी त्यांना अंगणवाडीच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं, आणि त्या "तसं तर तसं" म्हणाल्या होत्या.

बारा फॉर्म नव्याने मोजले. मग साठ. मग सगळे. निम्म्यांचे दहांत एक झाले, शहरातल्या बायकांइतकेच. माझा शोध उरलाच नाही.

मग यादी घेऊन बसले. दुसरा पेपर पहिल्याच्याच आकड्यांवर. तिसरा तर सांगायचीही लाज वाटते. त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वजनं चांगली पावणेतीन-तीन किलो भरत होती, आणि आठव्या महिन्यातलं बाळ इतकं गुटगुटीत कसं, हा प्रश्न एका परीक्षकानं विचारला होता. माणसाला तिथेच शंका यायला हवी. मी त्यावर स्वतंत्र पेपर लिहिला, की कोकणातल्या आया मासळी खातात म्हणून बाळांना चरबी चांगली धरते! तोही छापून आला. चौथा, पाचवा, सहावा, सगळे एकमेकांचा हात धरून उभे, आणि पहिल्याच्या पायाखाली काहीच नाही. मी एकटीच त्या खोलीत मोठमोठ्याने हसले, आणि मग रडले.

पेपर गेले चुलीत. पेपरांनी कुणी मरत नाही. पण पहिल्या पेपरानंतर, २००१च्या जूनमध्ये आम्ही एक कार्ड छापलं होतं. गुलाबी, वर पाळण्याचं चित्र. 'शेवटच्या पाळीच्या तिथीत नऊ महिने आणि एक पंधरवडा मिळवा. त्याआधी कळा आल्यास ताबडतोब दवाखान्यात जाऊन कळा थांबवून घ्या.' गावोगावच्या नर्सबाईंना, अंगणवाड्यांना, लहान दवाखान्यांना वाटलं होतं. आणि २००१ सालीही अधिक आला होता, आश्विन. मी त्या वेळी परिषदेला गेले होते.

नम्रताचं नाव माझ्या मनात तेव्हाच आलं. आधीच आलं होतं, पण मी ते मागे ढकलत होते.

नम्रता ही हौसाताईंची मुलगी. पलीकडच्या वाडीत दिलेली, नवरा गुरुप्रसाद मुंबईला कंपनीत. २००१च्या शिमग्याच्या पुनवेला ती शेवटची बाहेर बसली होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली. कार्डावर मार्गशीर्षाची अमावस्या लिहिलेली. देवदिवाळीच्या आधीच पोटात दुखायला लागलं, महिनाभर अगोदर. दवाखान्यात नेलं, कार्ड दाखवलं, कळा थांबवायची सलाईनं लावली. दोन दिवस थांबवून धरलं. तिसऱ्या दिवशी बाळाचे ठोके लागेनात. मेलेला मुलगा झाला, तीन किलोचा.

मी स्वतः भेटायला गेले होते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी विचारलं, "लावणीला गेली होतीस ना गो?" तिनं मान हलवली. "मग तेच," मी म्हटलं. "पुढच्या वेळी नको जाऊ हं." किती मायेनं म्हटलं होतं मी! आणि घरी येऊन चौथ्या पेपरात तिचं उदाहरण घातलं.

आता ती परत गरोदर होती. चैत्रात हौसाताई पेढे घेऊन आल्या होत्या. दत्तजयंतीला पाळी, म्हणजे कार्डाप्रमाणे भाद्रपद अमावस्या. मधे अधिक श्रावण. खरे दिवस भरत होते ते श्रावणातल्या अमावस्येला, चौदा सप्टेंबरला. पुण्याची मुलाखत सोळा सप्टेंबरला होती.

जुलैच्या बावीस तारखेला मला हे सगळं कळलं. तिथून चौदा सप्टेंबरपर्यंत चोपन्न दिवस होतात. ते चोपन्न दिवस मी काय केलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि खणात ठेवलं. सोहोनीसरांकडे गेले. सगळं सांगितलं.

"मुलाखत होऊ दे," ते म्हणाले. "मग आपण सावकाश एक सुधारणा छापू. आणि वैदेही, वाईट काय झालं? पोटुश्या बायकांना लावणीतून सुटका मिळाली. तुझ्या पेपरामुळे मिळाली."

"आणि कार्ड?"

"कार्ड बघू ना. एकदम परत मागवलं तर केंद्र बंद पडेल. सोळापर्यंत थांब."

मी थांबले. याचं मला आजही आश्चर्य वाटतं, आणि आश्चर्य वाटतं याची चीड येते. मी काही वाईट बाई नाही, रस्त्यात मांजर आडवं गेलं तरी ते मागच्या गाडीखाली सापडू नये म्हणून वळून बघते. पण पुण्याची नोकरी मला हवी होती. भांडार सांभाळणाऱ्या महिपतला विचारलं, कार्डं किती उरलीत, तर तो आनंदानं म्हणाला, "संपली होती बाई, सरांनी पाच हजार परत छापून घेतली." मी म्हटलं, छान.

नम्रतासाठी मात्र एक केलं, म्हणजे केल्यासारखं केलं. महिपत राजापूरला निघाला होता, त्याच्याबरोबर हौसाताईंना निरोप धाडला, की सप्टेंबर लागला की नम्रताला रत्नागिरीला घेऊन या. कारण सांगितलं नाही. हौसाताईंनी कार्ड काढून बघितलं, अजून दीड महिना होता. बाईंच्या निरोपात काही गफलत झाली असेल, असं त्यांना वाटलं, कारण कार्ड बाईंचंच होतं. त्यांनी पोरीला हलवलं नाही.

चौदा तारखेला सकाळी मी पुण्यासाठी बॅग भरत होते. फोन वाजला. पलीकडे नाक्यावरची गडबड, गाड्यांचे हॉर्न, आणि हौसाताईंचा फाटलेला आवाज.

"म्याडम, नम्रताच्या कालपासना कळा चालू हायत. हितं दवाखान्यात आणलंय. दागतर बोलतंत आठवाच हाय, थांबवायचं सलायन लावलान. मागच्यासारखंच चाललंय ओ सगळं. तुमी येवा. तुमी सांगितलंत की ते ऐकतील."

हातातली साडी मी बॅगेवर टाकली. "येते," मी म्हटलं. "आत्ता निघते."

गणपती चार दिवसांवर आले होते. मुंबई रिकामी होऊन महामार्गावर उतरली होती. भाड्याची जीप मिळवली, पण लांज्याच्या अलीकडे जी अडकली ती अडकलीच. पुढेमागे एसट्या, खाजगी गाड्या, टपावर गाठोडी, कुणाच्या मांडीवर तोंडावर रुमाल घातलेला गणपती. सगळे खुशीत. मी जीपमधून उतरून चालायला लागले, ड्रायव्हरनं परत बोलावलं. दीड तासाच्या रस्त्याला साडेतीन तास लागले. त्या साडेतीन तासांत मी देवाशी इतका हलकट सौदा केला, की तो इथे लिहिणार नाही.

दवाखाना दहा खाटांचा. दारातच हौसाताई होत्या. माझा हात धरून त्यांनी मला अक्षरशः ओढत आत नेलं. नम्रता कुशीवर पडली होती, उशीचा कोपरा दातांत धरून. हाताला सलाईन. मला बघून तिच्या तोंडावर जे समाधान उमटलं, ते मला बघवलं नाही.

डॉक्टर तरुण होता, नुकताच लागलेला. नाव सांगितल्यावर उठून उभा राहिला. "मॅडम, तुम्ही! तुमचा लावणीचा पेपर आम्हाला शिकायला होता."

"सलाईन बंद करा," मी म्हटलं. "तिचे दिवस भरलेत."

"नाही मॅडम, हे बघा ना." त्यानं गुलाबी कार्ड माझ्यापुढे धरलं. "भाद्रपद अमावस्या. अजून महिना आहे. पहिलं बाळ आठव्यातच गेलेलं. अशा केसमध्ये थांबवायचं, तुम्हीच लिहिलंय. सोनोग्राफी थोडी पुढची दाखवतेय, पण शेवटी शेवटी केली तर ती तीन-चार आठवडे इकडेतिकडे होतेच."

"कार्डावरची तारीख चुकलीय."

"म्हणजे, लिहिताना चूक झाली?"

त्यानं सहज विचारलं. आणि मला बाहेर पडायचं दार दिसलं. कार्डावर हौसाताईंचं अक्षर होतं. अंगणवाडीच्या बाईंकडून महिना लिहायला चुकला, संपलं. सलाईन निघेल, बाळ वाचेल, परवा मुलाखत. मी म्हटलं, "हो. लिहिताना चुकलंय."

त्यानं दाराकडे बघून हाक मारली. "मावशी, पाळीची तिथी तुम्ही लिहिलीत ना? चुकलीय म्हणतात मॅडम."

हौसाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग ताठ झाल्या. "दागतरांनू, दत्तजयंतीला बसली व्हती ती. पालखी दारात आली तवा ह्ये पोर मागीलदारी व्हतं, रडत व्हतं. मी आई हाय तिची. दीडशे बायकांच्या तिथी लिवल्यात ह्या हातानं, एक नाय चुकल्ये. म्याडमना इचारा."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. तो मला वेड्यात काढत नव्हता, पण जवळपास तसंच. "मॅडम, तुम्ही संशोधनातल्या डॉक्टर. जबाबदारी माझी आहे. मावशींना एवढं पक्कं आठवतंय, तर मी कार्डच धरणार." आणि तो दुसऱ्या खाटेकडे वळला.

नम्रता ओरडली. नर्सनं पोटाला नळी लावून ठोके ऐकले, आणि डॉक्टरला बोटानं खूण केली. त्यानं ऐकले. घड्याळ बघितलं, परत ऐकले.

"तिथी बरोबर आहे," मी म्हटलं.  "हौसाताई बरोबर आहेत. माझं कार्ड चुकलंय. माझं गणित चुकलंय. या वर्षी अधिक श्रावण आला, तो मी धरला नाही. एकोणीसशे नव्व्याण्णवला पण नाही धरला. आमच्या त्या बाळांचे दिवस भरलेले होते हो, सगळ्यांचे. पेपर खोटा आहे. तुम्ही मोजा ना, बोटांवर मोजा, आठ डिसेंबरपासून मोजा!"

तो मोजत होता. ओठ हलताना दिसत होते. दोनशे ऐंशी दिवस कालच पुरे झाले होते. त्यानं नर्सला सलाईनकडे बोट दाखवलं.

"हे लिहून द्या," तो म्हणाला.

त्यानं केसपेपर पुढे केला. मी त्यावर उभ्या उभ्याच लिहिलं, की हे कार्ड चुकीच्या गणनेवर आधारलेलं आहे, ते वापरू नये, माझे त्यावरचे पेपर चुकीचे आहेत. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. मी शेवटचा शब्द लिहीपर्यंत नर्सनं सलाईन काढलं होतं.

पुढचा पाऊण तास मी बाहेर बाकावर होते. हौसाताई माझ्या शेजारी बसल्या नाहीत, दाराला टेकून उभ्या राहिल्या. आतून नम्रताचा आवाज, नर्सचा आवाज, मग भांडी पडल्यासारखा आवाज, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वेळ चाललं. गळ्याभोवती नाळ होती, बाळ निळं पडलं होतं, हे नंतर कळलं. मग एक किरकिर ऐकू आली, अगदी बारीक, आणि हौसाताई तिथेच खाली बसल्या. मुलगा. तीन किलो शंभर.

मी राजापूरला आईकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. संध्याकाळी पुण्याची गाडी होती. सोळापर्यंत थांब, हे सरांचं वाक्य डोक्यात होतंच. केसपेपर तर कपाटात जाऊन पडेल. तरुण डॉक्टर गावभर सांगत सुटणार नव्हता.

नम्रता उठून बसली होती. मांडीवर बाळ, कुंची घातलेलं. हौसाताई पलीकडे पेजेचं भांडं घेऊन बसलेल्या. मी स्टूल ओढलं.

"म्याडम, तुमी आलात म्हणून झालं सगळं," नम्रता म्हणाली. "आनि मी तुमचं आयकलं, म्हणून. औंदा चिखलात पाय ठेवला नाय मी. सासू लय बोलली, पन नाय गेल्ये. पयला माज्या हातानं घालवला. लावणीत गेल्ये नसते तर आज तीन वरसांचा झाला असता. ह्याला नाय घालवला." तिनं बाळाच्या कुंचीवरून हात फिरवला. "ह्याचं नाव तुमीच ठेवा."

हौसाताईंनी भांडं खाली ठेवलं. काल त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं. सगळं समजलं नसेल, पण बरंच समजलं असणार. मी काय करते ते त्या बघत होत्या.

मी सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. लावणीमुळे काही झालं नव्हतं. तेव्हाही दिवस भरले होते, बाळ वेळेवरच येत होतं. माझं कार्ड चुकलं होतं, म्हणून त्याला दोन दिवस अडवलं. तुझ्याकडून काही चुकलं नाही गो. आणि हे मला दीड महिन्याच्या वर माहीत होतं आणि मी गप्प होते, तेही सांगितलं. तेवढं तरी चोरायचं नाही असं ठरवलं होतं.

मला वाटलं होतं ती ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे तो बरोबर येत व्हता?" तिनं विचारलं.

"हो."

"आनि लावणीनं नाय गेला?"

"नाही."

"माज्यामुळं नाय?"

"नाही, नम्रता."

तिनं परत तेच विचारलं, आणि मी परत नाही म्हटलं.  हौसाताई हळूच म्हणाल्या, "मी अधिक लिवलं व्हतं, बाय." रागानं नव्हे. नुसतं सांगितल्यासारखं. 

तेवढ्यात गुरुप्रसाद आला. रात्रभर मुंबईच्या एसटीत उभा राहून आला होता. नाक्यावर उतरल्यावर त्याला कुणीतरी मुलगा झाल्याचं सांगितलं होतं. खांद्यावर बॅग, हातात पाळण्यावर टांगायचं लाल-पिवळं चिमण्यांचं खेळणं, बॅगेत मावलं नसावं. दारातच त्यानं चपला काढल्या, आणि हसत, घाबरत खाटेपाशी आला. मुलाकडे बघायला वाकला.

नम्रतानं त्याला मूल दाखवलं नाही. तिनं एका हातानं त्याची बाही घट्ट धरली.

"आवं, ऐकलांव काय? आपला पयला माज्यामुळं नाय गेला."

त्याला काही कळेना. तो माझ्याकडे, हौसाताईंकडे बघायला लागला.

"लावणीनं नाय गेला. म्याडमनी आता सांगितलान. मी नाय घालवला ओ त्याला. आईला सांगा तुमच्या. सगळ्यांना सांगा." आणि तीन वर्षांत कुणासमोर रडली नसेल तशी ती रडायला लागली, नवा मुलगा मांडीवर तसाच.

गुरुप्रसाद खाटेच्या कडेवर बसला. बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं विचारलं, "मंग कोणामुळं गेला?"

नम्रतानं माझं नाव घेतलं नाही. मी स्टुलावरून उठले आणि त्याला सांगायला सुरुवात केली.